ड्युरांटाचं कुंपण खालून उघडं पडलंय, आणि मोरपंखीला भगदाड – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बागेच्या कडेला ड्युरांटाचं कुंपण आहे, छातीएवढं उंच. माथा टेबलासारखा सपाट आणि दाट, पण गुडघ्याच्या खाली नुसत्या काड्या. पलीकडचं सगळं आरपार दिसतं. बाजू ओळंब्यात कापल्या जातात, वर मात्र थोडा फुगवटा राहतोच. खतपाणी वेळेवर आहे, कीड दिसत नाही.

टोकाला मोरपंखीची दोन झाडं आहेत. एकाला शंकूचा आकार आधीपासून आहे, दुसऱ्याचा मला गोल चेंडू करायचाय. पण त्याची एक बाजू कुणीतरी फार आत कापली आहे. तिथे फक्त तपकिरी काटक्या उरल्यात, हिरवं टोक एकही नाही.

ड्युरांटा खालून कापली तर फुटेल का? मोरपंखीचं भगदाड भरून येईल का? आणि गोलाई नजरेनं साधते की तारेचा साचा लागतोच? व्हिडिओंमध्ये सगळे आधीच गच्च भरलेल्या झाडावर कात्री चालवतात, त्याचा मला काय उपयोग!

प्रतिसाद १
ड्युरांटा बिनधास्त कापा, जून लाकडावरूनही फुटते. तुमचं दुखणं उन्हाचं आहे. माथा रुंद झाला की खालच्या पानांना ऊन मिळत नाही आणि ती गळतात. ओळंब्यातली बाजूसुद्धा वरून फुगतेच, म्हणून कुंपण पायाशी रुंद आणि वर निमुळतं ठेवायचं. पायाशी ६० सेंमी असेल तर माथ्याला ४५ पुरे.

दुसरं म्हणजे, शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन हे संप्रेरक खालचे डोळे, म्हणजे फूट निघते ते फांदीवरचे कोंब, दाबून ठेवतं. शेंडा उडवला की डोळे जागे होतात, पण मुख्यतः कापाच्या लगतचे. तुम्ही दर वेळी वरच कापता, म्हणून फुटवाही वरच येतो. खाली फूट हवी तर काही फांद्या सिकेटरनं (हातातल्या छोट्या छाटणी-कात्रीनं) खालपर्यंत, डोळ्याच्या जरा वर कापा. सगळ्या एकदम नको. आधी एक बाजू घ्या, ती सावरली की दुसरी. नुसत्या मोठ्या कात्रीनं वरवर भादरत राहिलं तर बाहेर पानांचं दाट कवच तयार होतं आणि आत अंधार.

प्रतिसाद २
मोरपंखीचं मात्र तसं नाही. पानं नसलेल्या जुन्या लाकडातून ती सहसा फुटत नाही. यू हे झाड सूचिपर्णींतला अपवाद: इंग्लंडमधल्या लेव्हन्स हॉलच्या बागेची आखणी १६९४ मध्ये सुरू झाली, तिथली जुनी यूची झाडं आजही दरवर्षी कापून आकारात ठेवतात. तुमच्या झाडाला हा फायदा नाही. शेजारच्या हिरव्या फांद्या मऊ सुतळीनं भगदाडावर ओढून बांधा, आणि सुतळी सालीत रुतत नाही ना ते अधूनमधून बघा. पुढे कात्री फक्त हिरव्यातच.

चेंडूला साचा लागतोच असं नाही. पुठ्ठ्याचा अर्धगोल कापून घ्या. आधी मधोमध आडवा पट्टा फिरवा, मग माथ्यावरून एक उभा, आणि उरलेले चार भाग त्या दोन पट्ट्यांच्या आधारानं उतरवा. चार कात्रीघाव झाले की मागे सरून बघायचं. जवळून सगळंच गोल दिसतं!

धागाकर्ता
दोघांचे आभार. फांद्या ओढून बांधायचं डोक्यातच आलं नव्हतं. ड्युरांटा कधी कापू?

प्रतिसाद १
नवी फूट निघायच्या तोंडावर, ढगाळ दिवशी. इतके दिवस सावलीत असलेली आतली पानं एकदम कडक उन्हात आली तर करपतात. आधी पक्ष्याचं घरटं नाही ना बघा. आणि छाटलेलं लगेच उचला, ड्युरांटाची फळं आणि पानं विषारी असतात. घरात लहान मूल किंवा कुत्रं-मांजर असेल तर हे आधी.

धागाकर्ता
कुत्रं आहे, आणि ते सगळं चावून बघतं. म्हणजे पिवळी फळं आली की तीही काढून टाकू ना?

प्रतिसाद १
हो, घोसासकट.