डांबरात उभं झाड: काढायचं की ठेवायचं?

जुळेसोलापूरकर: गेल्या महिन्यात रात्री माझा भाचा दुचाकीवरून घरी येताना कडुलिंबावर आदळला. मांडीत रॉड घातलाय. रस्ता रुंद केला तेव्हा ते झाड डांबरातच राहिलं. खोडाला ना चुन्याचा पट्टा, ना रिफ्लेक्टर, वरचा दिवा बंद. मी झाडांचा वैरी नाही, अंगणात माझीही चार आहेत. पण गाडीच्या वाटेत उभं झाड काढलंच पाहिजे.

कडुलिंब_सोलापूर: दादा, भाचा लवकर चालता होऊ दे. पण झाड रस्त्यात आलं नाही, रस्ता झाडापर्यंत आला. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३च्या पुढं जातो. सात रस्ता चौकात सिग्नलवर दुपारी एक वाजता थांबून बघा, सगळे सावली शोधत मागंच थांबतात. ती सावली गेली तर पायी जाणाऱ्या बाईनं, भाजीवाल्यानं काय करायचं? झाडाभोवती कर्ब, म्हणजे फुटपाथची कड, पुढं आणून ओटा करा आणि दोन झाडांमध्ये पार्किंग द्या. मग गाड्यांची वाट खोडापासून आपोआप लांब राहते.

रात्रपाळी: ओटा करून ठेवला आणि दिवा बंद, मग लोक ओट्यावर आदळतील. मी रात्री दोनला कारखान्यातून सुटतो, मला विचारा. शिवाय चौकाजवळची झाडं वेगळी. फांद्या खाली आल्या की सिग्नल दिसत नाही, आडव्या रस्त्यानं येणारी गाडी तर नाहीच. तिथं सावलीचं कौतुक नको.

कडुलिंब_सोलापूर: चौकाचं मान्य. तिथं नवीन झाड लावूच नये, जुन्याच्या खालच्या फांद्या छाटाव्यात. हायवेलाही झाड लांबच हवं. पण वस्तीतल्या रस्त्यावर खरा प्रश्न वेगाचा आहे. ताशी ४० ऐवजी ६०नं आदळलं तर धडकेची ऊर्जा सव्वादोन पट होते. झाडं काढून रस्ता मोकळा केला की तीच पोरं ७०नं जातात, आणि मग समोर झाड नसतं, माणूस असतो.

पेठेतला_बागवान: एक गोष्ट कुणी बोलत नाही. बुंध्यापर्यंत काँक्रीट ओततात, ड्रेनेजसाठी खणताना एका बाजूची मुळं तोडतात. वळवाच्या वाऱ्यात तेच झाड रिक्षावर पडतं आणि दोष झाडाला. बुंध्याभोवती निदान मीटरभर माती उघडी ठेवा. आणि दादा, शहरातलं झाड परस्पर तोडता येत नाही, १९७५च्या कायद्यानं वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. २०२१च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष धरतात.

जुळेसोलापूरकर: परवानगी मागूनच काढा म्हणतोय. सरळ रस्त्यावरच्या झाडांना ओटा करा, हे पटलं. पण आमचं झाड वळणावर आहे, हेडलाइट त्याच्यावर पडेपर्यंत उशीर झालेला असतो. त्या एका झाडाबद्दल मी मागं हटणार नाही. निर्णय होईपर्यंत दिवा आणि रिफ्लेक्टर तरी लागावा म्हणून उद्या विभागीय कार्यालयात अर्ज देतोय.

कडुलिंब_सोलापूर: अर्जावर माझीही सही घ्या. झाड काढायच्या अर्जावर मात्र नाही.