फायबरच्या जुन्या बोटीचा विटलेला जेलकोट : आपले अनुभव

काल बोटीवरचा नोंदणी क्रमांक बदलण्यासाठी जुने स्टिकर ऊब देऊन सोलले, तेव्हा अंकांखालचा गर्द निळा रंग जसाच्या तसा निघाला आणि भोवतीची सारी बाजू खडू फासल्यासारखी दिसली. वडिलांनी बोट घेतली तेव्हा ती सगळीच अशी निळी होती, हे मी विसरून गेलो होतो. हा वरून दिलेला रंग नव्हे. साच्यात आधी रंगद्रव्य मिसळलेल्या पॉलिएस्टर रेझिनचा सुमारे अर्धा मिलिमीटर थर फवारतात आणि त्यावर काचतंतूंचे थर चढवतात. बोट साच्यातून निघाली की तोच थर बाहेर येतो; हाच जेलकोट. अतिनील किरणांनी त्याचा पृष्ठभाग पिठूळ होतो. ज्यांनी तो पुन्हा उजळला असेल, त्यांनी आपले अनुभव, विशेषतः फसलेले, कृपया लिहावेत.

*

प्रथम ओले फडके फिरवून पाहावे. ओलेपणी रंग गर्द दिसला आणि वाळताच पुन्हा विटला, तर खराबी बहुधा पृष्ठभागापुरतीच आहे आणि घासण्याचा उपयोग होईल. मी ही परीक्षा न करताच बफिंग मशीन विकत घेतले. आमच्या बोटीवर काही ठिकाणी काचेची वीण दिसू लागली होती, म्हणजे उजळायला तिथे काही उरलेच नव्हते. अखेर दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग द्यावा लागला. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते, त्यामुळे फवारणी करणाऱ्याने साध्या कापडी मुखपट्टीवर विसंबू नये.

*

माझी चूक सविस्तर सांगतो. जुने मेण सॉल्व्हंटने न काढता मी थेट घासायला बसलो, त्यामुळे वॉटर पेपर भरून जाई आणि त्या गुठळ्यांनीच ओरखडे उठत. पुढे मेण काढले, ८०० पासून १०००, १५०० आणि २००० नंबरपर्यंत भरपूर पाण्याने घासले, मग लोकरीच्या पॅडने रबिंग कंपाउंड आणि फोमच्या पॅडने पॉलिश केले. सपाट बाजू आरशासारखी झाली. त्या आनंदात मशीनचा वेग वाढवून नाळेच्या (बोटीच्या पुढच्या टोकाच्या) कडेवरून पॅड फिरवले आणि क्षणात तेथील जेलकोट आरपार गेला. कडांवर पॅडचा सारा दाब एका रेषेवर येतो, म्हणून तेथे टेप लावावी आणि ती जागा शेवटी हाताने घासावी. ती तपकिरी रेघ आजही पाहुण्यांच्या नजरेत सर्वांत आधी भरते.

*

मी घरी सांगितले होते की, हे काम एका सुट्टीत संपेल. कोणत्या वर्षीच्या सुट्टीत, हे सांगितले नव्हते, हे बरे झाले.

*

वर सांगितलेल्या नाळेच्या कडेची दुरुस्ती होऊ शकते. मात्र साधा जेलकोट लावल्यास हवेच्या संपर्कात त्याचा वरचा थर चिकटच राहतो. मी तीन दिवस वाट पाहिली आणि हार्डनर कमी पडला असे समजून स्वतःलाच दोष देत राहिलो. त्यात मेणाचे द्रावण मिसळावे किंवा वरून प्लास्टिकची फिल्म लावावी. रंग मात्र नव्या डब्याशी जुळवू नये. आजूबाजूचा भाग आधी उजळून घ्यावा आणि मग त्याच्याशी जुळवावा. दुरुस्ती राहिली असेल, तर सिलिकॉन असलेले पॉलिश बोटीजवळही आणू नये, कारण त्यावर नवा थर नीट धरत नाही.

*

मी घासण्याचा कंटाळा करून चकाकी देणारे ॲक्रिलिक द्रव पुसले. पहिल्या हंगामात सर्वांनी कौतुक केले. पुढे ते पिवळे पडून पापुद्र्यांनी सुटू लागले आणि ते खरवडण्यात जे श्रम गेले, त्यात दोनदा घासून झाले असते.

*

सर्वांचे आभार. ओल्या फडक्याची परीक्षा आजच केली. नाळ सोडून सर्वत्र निळा रंग परतला. एक शंका राहते : घासल्यानंतर जुन्या क्रमांकाची छाया जाईल का?

*

पूर्ण जाणार नाही. स्टिकरखालचा थर झिजलेला नसल्याने अंक किंचित उंच राहतात आणि तिरप्या उन्हात वाचता येतात. ते सपाट करण्याच्या नादात भोवतीचा जेलकोट पातळ करू नये. मी नवा क्रमांक त्याच जागी, जरा मोठ्या अक्षरांत लावला आणि वर्षातून दोनदा मेण लावतो.

*

मग मीही तसेच करतो. सुरुवात मात्र वरामाच्या, म्हणजे बोटीच्या मागच्या बाजूच्या, कोपऱ्यातून, जिथे कोणी पाहत नाही.