मदत हवी आहे: कृतीदेवमधल्या पीडीएफ टॉकबॅककडून वाचून घ्यायच्यात

नमस्कार मंडळी. मी पूर्ण अंध, गंगाखेडजवळच्या खेड्यातून दूरशिक्षणाने बीए दुसरं वर्ष करतोय. अर्थशास्त्राच्या पुस्तिका पीडीएफमध्ये आल्यात, पण मजकूर कृतीदेव या जुन्या फॉन्टमध्ये, ज्यात मराठी अक्षरांमागे इंग्रजी अक्षरं साठवलेली असतात. 'आहे' आलं की टॉकबॅक (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं अँड्रॉइडचं अ‍ॅप) 'व्ही-के-जी-एस' म्हणतं. उरलेल्या स्कॅन केलेल्या, तिथं तर शुकशुकाटच.

करून पाहिलं ते असं: पानांचे फोटो काढून गूगल ड्राइव्हमधून डॉक्समध्ये उघडले. साधा मजकूर बरा येतो, पण मागणी-पुरवठ्याच्या तक्त्यात किंमत कुठली अन् नग कुठला, कळतच नाही. कृतीदेवचा मजकूर युनिकोडमध्ये (टॉकबॅकला वाचता येणाऱ्या मराठी अक्षरांत) बदलणारा कन्व्हर्टर वापरला तर रफार भलत्याच अक्षरावर बसतो. सुगम्य पुस्तकालयात (अंधांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयात) या पुस्तिका सापडल्या नाहीत. अभ्यासकेंद्रावर विचारलं, "घरच्यांकडून वाचून घ्या" म्हणाले. धाकटी बहीण वाचते, पण सध्या कापूस वेचणी आहे. रात्री तिचेच डोळे मिटतात.

लॅपटॉप नाही, फक्त अँड्रॉइड फोन, रोजचा दीड जीबी डेटा. परीक्षा महिन्यावर आलीय.

फोनवरच तक्ते ओळीने वाचता येतील असं काही कुणी वापरलंय का? आणि दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम ४२ चा (माहिती वाचता येईल अशा स्वरूपात मिळण्याबद्दलच्या) आधार घेऊन युनिकोड प्रत मागायची, तर अर्ज केंद्राकडे द्यायचा की थेट विद्यापीठाकडे?