पूर आला की एआरटीच्या (एचआयव्हीवरच्या रोजच्या) गोळ्यांचं काय करायचं?

शिरोळकर: २०१९ ला पंचगंगेचं पाणी घरात शिरलं, मावशीची गोळ्यांची बाटली आणि उपचाराचं बुक दोन्ही गेलं. छावणी शाळेत, एका खोलीत पन्नास माणसं, त्यात कुणाला सांगणार, चार दिवस गोळ्यांविना तशीच बसली. औषध फुकट मिळतंय पण तिथवर जायला रस्ता तर पायजे की! यंदा काय करावं?

कागलवाला: भावा १०९७ ला, एचआयव्हीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लाव, फुकट आहे. अडकलाच तर दुसऱ्या गावच्या सरकारी एआरटी सेंटरलापण विचार, बुकाचा फोटो मोबाईलमध्ये ठेव.

नर्सताई: तब्येत स्थिर असेल तर जूनमध्येच जास्त महिन्यांच्या गोळ्या मागा. चुकलेल्या दिवसांच्या एकदम घ्यायच्या नाहीत हां. सारख्या चुकल्या तर औषध लागू पडायचं बंद होतं.

शिरोळकर: आणि छावणीत लोक विचारतात त्याचं?

नर्सताई: बीपीची गोळी म्हणायचं. एचआयव्ही आहे हे सांगायची सक्ती छावणीत कुणी करू शकत नाही, २०१७ चा एचआयव्हीचा कायदाच आहे.