थंड खाताच कपाळात कळ येते: सल्ला हवा आहे

नागपूरकर

माझी मुलगी 11 वर्षांची आहे. गेल्या दोन उन्हाळ्यांपासून तिला बर्फाचा गोळा खाताना किंवा फ्रिजमधले पाणी घटाघटा पिताना अचानक कपाळाच्या मधोमध जोराची कळ येते. ती दोन्ही हातांनी डोके धरून खाली बसते आणि अर्ध्या-पाऊण मिनिटात काहीच झाले नाही अशी उठून खेळायला जाते. मला स्वतःला वीस वर्षांपासून अर्धशिशी आहे, त्यामुळे तिला असे डोके धरलेले पाहिले की धसका बसतो. सासूबाईंच्या मते थंडी डोक्यात साठते आहे आणि थंड पदार्थ पूर्ण बंद करावेत. परंतु मे महिन्यात नागपुरात पारा 45 अंशांच्या आसपास असताना मुलीला गोळ्याच्या गाडीपासून दूर ठेवणे माझ्याच्याने होत नाही. हे कशामुळे होते, कळ आल्यावर त्या क्षणी काय करावे आणि तिला डॉक्टरांना दाखवावे का, याबद्दल कृपया मार्गदर्शन करावे.

पुणेकर

ताई, आपण जे वर्णन केले आहे त्यावरून ही शीतजन्य डोकेदुखी वाटते. आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेच्या वर्गीकरणात तिची स्वतंत्र नोंद आहे. थंड वस्तू तोंडातील टाळूला किंवा घशाच्या मागच्या भागाला लागताच कपाळात अथवा कानशिलात दुखणे आणि थंडी दूर झाल्यावर 10 मिनिटांच्या आत ते पूर्ण थांबणे, ही तिची ओळख आहे. मलाही अर्धशिशी आहे आणि मस्तानी पिताना मी हा अनुभव कित्येकदा घेतला आहे. अर्धशिशी असलेल्यांमध्ये ही कळ अधिक आढळते आणि पुष्कळदा ती घराण्यात चालत येते, त्यामुळे मुलीला ती आपल्याकडून मिळालेली असणे शक्य आहे.

कारणाविषयी सर्वसाधारणपणे असे मानले जाते की टाळूखालच्या बारीक रक्तवाहिन्या थंडीने आकसतात आणि लगेच प्रसरण पावतात. ही वार्ता ट्रायजेमिनल नावाच्या चेतातंतूमार्फत मेंदूकडे जाते, आणि चेहरा व कपाळ यांच्या संवेदनाही तोच चेतातंतू वाहून नेत असल्याने मेंदूला दुखणे टाळूत नव्हे तर कपाळात जाणवते. हृदयविकाराच्या झटक्यात डावा हात दुखतो, तसाच हा प्रकार आहे. डोक्यात थंडी साठण्याचा येथे काहीही संबंध नाही, हे सासूबाईंना आपण आदरपूर्वक पण ठामपणे सांगावे.

माझ्या मते खरा प्रश्न थंडीपेक्षा वेगाचा आहे. कॅनडातील हॅमिल्टन येथे एका शाळेतील 145 विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग 2002 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला होता. ज्यांनी आइस्क्रीम अवघ्या 5 सेकंदांत संपवले त्यांच्यापैकी 27 टक्के मुलांचे डोके दुखले, आणि ज्यांनी त्यासाठी 30 सेकंदांहून अधिक वेळ घेतला त्यांच्यात हे प्रमाण 13 टक्के होते. म्हणजे केवळ सावकाश खाल्ल्याने त्रास निम्म्यावर आला. म्हणून गोळा बंद न करता तो चोखून, पुढच्या दातांमागे थोडा वेळ धरून खायला शिकवावे. स्ट्रॉ वापरत असल्यास तिचे टोक टाळूकडे न रोखता जिभेवर किंवा गालाकडे ठेवावे. ही गोष्ट फार कमी लोकांच्या ध्यानात येते.

कळ आलीच, तर तोंडातील थंड वस्तू तत्काळ गिळून टाकावी किंवा काढावी, जीभ वर वळवून टाळूला घट्ट लावून ठेवावी आणि हाताशी असल्यास कोमट पाण्याचा घोट घ्यावा. टाळूला ऊब मिळाली की कळ लवकर ओसरते. वेदनाशामक गोळी देऊ नये, कारण ती पोटात विरघळेपर्यंत दुखणे कधीच निघून गेलेले असते.

दंतवैद्य, कोल्हापूर

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. फक्त एक भेद तपासून घ्यावा. थंड लागल्यावर कळ एखाद्याच दातातून किंवा हिरडीतून निघून वर जात असेल, किंवा गोडानेही तोच दात शिवशिवत असेल, तर तो दाताचा प्रश्न आहे. या वयात दाढांना कीड लागणे फार सामान्य आहे आणि मुले बहुतेक वेळा नेमकी जागा सांगू शकत नाहीत. तिला एका बोटाने दुखणारी जागा दाखवायला सांगावे.

पुणेकर

हे लिहायचे राहिले. दुखणे 10 मिनिटांहून अधिक टिकले, थंड न घेताही आले, त्यासोबत उलटी, अंधूक दिसणे, मान आखडणे किंवा हातापायात अशक्तपणा असेल, अथवा ते तिला झोपेतून उठवत असेल, तर विलंब न लावता डॉक्टरांना दाखवावे.

नागपूरकर

दोघांचेही मनापासून आभार. मुलीने बोट कपाळाच्या मधोमध ठेवले, दाताकडे नेले नाही. काल संध्याकाळी गाडीवर तिने गोळा पंधरा मिनिटे चोखत खाल्ला आणि कळ आली नाही. मात्र नंतर घरी येऊन फ्रिजमधल्या पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि तिसऱ्या घोटाला डोके धरले. जीभ टाळूला लावायला सांगितल्यावर ती लवकर शांत झाली. आता पिण्यासाठी माठच भरून ठेवला आहे, कारण त्याचे पाणी गार असते पण बर्फासारखे नसते. सासूबाईंनी त्यात वाळा घातला आहे.