टोमणे मारून कुणाचं वजन कमी झालंय का? खरं सांगा

परभणीचा_भैय्या:

मंडळी जरा लांबण लागंल पण वाचा. माझी लहान बहीण लातूरला नीट रिपीट करायलीय, १९ वर्षांची आहे. दीड वर्षात तिचं वजन लई वाढलं, ५८ होती आता ७६ च्या पुढं असंल, काटा बघूच देत नाही कुणाला. सकाळी सातला क्लास मग लायब्ररी, मेसचा डबा, रात्री दोनला मॅगी, असं चालू. आमच्या पप्पांना शुगर, आजीचा तर शुगरनं पाय कापावा लागला होता, म्हणून मला खरंच काळजी वाटायची आणि मी बोलायचो. माझ्या हिशोबानं तिच्या भल्यासाठीच. घरी आली की "आला का रोडरोलर", नवा कुर्ता घातला की "ह्याला किती मीटर लागलं गं". ती पण हसायची म्हणून मला वाटलं चालतंय.

दिवाळीनंतर जिंतूरला चुलतभावाचा साखरपुडा होता. पंगतीत तिनं दुसऱ्यांदा गुलाबजाम घेतला अन् मी सगळ्यांसमोर म्हणलो "अगं वऱ्हाडाला राहू दे की दोन". पूर्ण पंगत हसली. हिनं द्रोण तसाच ठेवला, उठली आणि गाडीत जाऊन बसली. भरल्या पंगतीतून उठून जाणं आपल्याकडं काय असतं माहितीय तुम्हाला. तेव्हापासून कोणत्याच कार्यक्रमाला येत नाही. घरी आली तर आमच्यासोबत ताटावर बसत नाही, "खाऊन आले" म्हणती, आणि मम्मी सांगती की सकाळी डब्यातली शेव संपलेली असती. आधी हॉस्टेलवरून सकाळी फिरायला जायची ते पण बंद, पोरं कायतरी बोलली म्हणे.

अन् मागच्या आठवड्यात मम्मीनं तिचे कपडे धुवायला काढले तर प्रत्येक कुर्त्याचा मानेमागचा साईजचा टॅग कात्रीनं कापलेला. हे ऐकल्यापासून डोकंच काम करंना.

तर विचारायचं एवढंच, माझा दोस्त म्हणतो बोलल्याशिवाय कुणी सुधरत नाही, झोंबलं तरच माणूस पळतो. खरंच असं होतं का, का बोलण्यानं तब्येतीचं अजून वाटोळं होतं? ज्यांनी भोगलंय त्यांनी सांगा, ज्ञान देणारे नंतर.

बीडचा_गडी:

तुझा दोस्त बरोबर बोलायला भाऊ. मला गल्लीत भोपळा म्हणायचे. एकदा टमटममधी बसायलो तर ड्रायव्हर म्हणला "तुमचे दोन शिटाचे पैसे घ्यावं लागतील", सगळे फिदीफिदी. त्याच दिवशी ठरवलं. तीन महिन्यात २२ किलो उतरवलं. राग पायजे माणसाला, राग. आजकाल कुणाला काई बोलायची सोयच राहिली नाही, लगेच डिप्रेशन.

गंजगोलाईची_अक्का:

भैय्या मी लातूरचीच, आणि भोगलेल्यातलीच, म्हणून लिहिते. मला बारावीपासून हे सगळं ऐकावं लागलं. लग्नाच्या टायमाला तर बायोडाटा पाठवायचा आणि समोरून आधी फुल साईज फोटो मागायचे. गोलाईत ड्रेस घ्यायला गेलं की दुकानदार मी काही विचारायच्या आधीच लांबून हात हलवायचा, तुमच्या मापाचं नाही म्हणून. मी आईला पाठवायला लागले कपडे आणायला. हसू नका, वर्षभर मी दुकानाची पायरी चढले नाही.

पण खरी गोष्ट दुसरीच आहे. माझ्या मानेवर काळपट जाडसर पट्टा आला होता, काखेत पण. आत्या लग्नाघरात सगळ्या बायांसमोर म्हणायची "मान घासत नाहीस का गं अंघोळीला". मी दगडानं घासायचे हो, रक्त येईपर्यंत. पाळी तीन तीन महिने यायची नाही. एका दवाखान्यात गेले तर त्या डॉक्टरनं मान वर करून बघितलं सुद्धा नाही, "आधी वजन कमी करा मग या". मी परत गेलेच नाही, तिथंच काय कुठंच नाही. दोन वर्षं गेली. शेवटी जावेनं ओढत नेलं दुसरीकडं तेव्हा कळलं पीसीओएस आहे, म्हणजे हार्मोनच्या गडबडीनं पाळी बिघडते तो आजार, आणि मानेवरचं ते इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असते, मळ नसतो. त्या बाईंनी पहिल्या दिवशी वजनाचा विषयच काढला नाही, झोप किती, पाळी कधी, घरात कोणाला शुगर, एवढंच विचारलं. नंतर म्हणाल्या एकदम वीस किलोचं डोक्यात घेऊ नका, आहे त्याच्या ५ टक्के उतरलं तरी बऱ्याच जणींची पाळी सुधारते. मी ८० होते, म्हणजे ४ किलो. चार किलो म्हणल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की हे आपल्याच्यानं होईल.

तर तुमच्या बहिणीची मान बघा. म्हणजे तुम्ही नका बघू, आईला बघायला सांगा.

सिस्टर_नांदेड:

मी ज्ञान देणाऱ्यांतली, तरी लिहिते, रात्रपाळी आहे आणि वॉर्ड शांत आहे.

तुमच्या बहिणीचं वय वाचून मला एक अभ्यास आठवला. अमेरिकेत २,३७९ मुलींना त्या १० वर्षांच्या असताना विचारलं होतं की तुला घरच्या, शाळेतल्या कुणी "तू फार जाड आहेस" म्हणलंय का. मग त्याच मुली १९ वर्षांच्या झाल्यावर बघितलं. ज्यांना म्हणलं गेलं होतं त्या लठ्ठ होण्याची शक्यता जास्त निघाली, आणि हे दहाव्या वर्षीचं वजन हिशोबात धरून. म्हणजे ती आधीच जाड होती म्हणून पुढं पण जाड झाली, असं नाही. २०१४ ला छापून आलं. त्यात घरच्यांचं बोलणं बाहेरच्यांपेक्षा जास्त लागलेलं दिसलं. हे तुम्हाला टोचायला लिहीत नाहीये, पण लिहायला पाहिजे होतं.

त्याच वर्षी इंग्लंडमधला पण एक आला, २,९४४ माणसं, पन्नाशीच्या पुढची, चार वर्षं. वजनावरून वाईट वागणूक मिळते म्हणणाऱ्यांचं वजन सरासरी ०.९५ किलो वाढलं, बाकीच्यांचं ०.७१ किलो उतरलं. आकडा लहान वाटतो, पण तुमचा दोस्त म्हणतो तसं असतं तर उलटं व्हायला पाहिजे होतं ना. आता असल्या अभ्यासात बोलण्यामुळंच वाढलं असं शंभर टक्के सिद्ध होत नाही, दोन गोष्टी सोबत चालल्या एवढं दिसतं. पण टोमण्यानं उतरलं असं काही त्यात दिसलं नाही.

का होत असंल म्हणाल तर आमच्या वॉर्डात रोज बघते मी. अपमान झाला की शरीराला तो ताणच असतो, कॉर्टिसॉल म्हणजे ताणाचं हार्मोन वाढतं, आणि त्यात गोड तेलकट खायची ओढ वाढते, पोटाभोवती चरबी साठायला मदत होते. त्यात झोप कमी म्हणजे भूक अजून वाढते, रिपीटर पोरींची झोप तर तुम्हाला माहितीच. आणि दुसरं म्हणजे माणूस लपायला लागतो. चारचौघात खात नाही, लपून खातो, आणि लपून खाल्लेल्याला माप नसतं. फिरायला जात नाही कारण लोक बघतात. दवाखान्यात येत नाही कारण काट्यावर उभं करतील. वजन कमी करायला जे जे लागतं तेच सगळं टोमण्यानं बंद पडतं. तुमच्या पोस्टमध्ये हे सगळं आहेच की, शेव, फिरणं, पंगत. तुम्हीच लिहिलंय, मी फक्त ओळीत लावलं.

पेशंट उठला, येते.

हाडकाचा_सापळा:

ह्या धाग्यात मी कामून आलो म्हणाल, माझं वजन ५४, उंची पाच फूट आठ. मला कुणी जाड म्हणलं नाही, "वारा सुटलाय, दगड बांध खिशात" हे ऐकत मोठा झालो. आमच्या जालन्यात पोराला बघायला आलेले पाहुणे पण बोलून जातात, बारीक आहे, काय बिमारी आहे का. एवढं लिहायचं कारण म्हणजे मागच्या वर्षी कंपनीच्या चेकअपमधी शुगर निघाली ती मला, वय ३१. माझ्या टेबलासमोर बसणारा ९५ किलोचा, त्याचे रिपोर्ट चकाचक. ऑफिसात सगळे वर्षानुवर्षं त्याला म्हणायचे "तुला शुगर होणार", मला सामोसे आग्रहानं खाऊ घालायचे.

मग वाचलं तेव्हा कळलं की पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक ह्यांचं कामच ह्याच्यावर आहे, आपल्याकडची माणसं दिसायला बारीक पण आत चरबी. त्यांचा २००४ चा एक फोटो आहे, ते आणि एक इंग्रज शास्त्रज्ञ शेजारी उभे, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, सेम २२.३, पण इंग्रजाची चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. म्हणून आपल्यात बीएमआय २३ च्या पुढं गेला तरी जास्त धरतात, आणि टेपनं कंबर मोजतात, बायांची ८० सेंटिमीटर अन् गड्यांची ९० च्या आत पाहिजे. डोळ्यानं बघून कुणाला काय होणार सांगता येत नाही भाऊ. ज्याला खरंच काळजी आहे तो रक्त तपासायला नेतो.

गंजगोलाईची_अक्का:

@बीडचा_गडी एक विचारू का दादा, २२ किलो तीन महिन्यात, काय खात होतात? आणि आता वजन किती आहे? भांडायचं नाही, खरंच विचारते.

बीडचा_गडी:

काकडी अन् ताक. भाकर बंदच केली होती. सकाळ संध्याकाळ पळायचो, एकदा चक्कर येऊन पडलो बी.

आता विचारलंच तर सांगतो. त्यातलं १७ किलो परत आलं. अन् पित्ताशयात खडे झाले, मागच्या उन्हाळ्यात ऑपरेशन झालं. सर्जन म्हणले एवढ्या झपाट्यानं वजन उतरवलं की होऊ शकते असं. हे कुणाला सांगितलं नव्हतं. तेव्हा टमटमवाल्याला दाखवायचं होतं, तो तर मला नंतर कधी भेटला बी नाही.

तरी म्या म्हणतो एकदम गप बसणं बी बरोबर नाही. घरात शुगर हाये, पोरगी वाढायली, अन् कुणीच काई बोलायचं नाही?

सिस्टर_नांदेड:

बोलायचं की. पण तिला एकटीला घेऊन, आणि कधी बोलायचं ते तिला विचारून. "पप्पांना शुगर आहे म्हणून आपण तिघंही रक्त तपासून येऊ, मी पण करतो", असं. उपाशी सकाळची शुगर, एचबीएवनसी (मागच्या तीन महिन्यांची सरासरी शुगर), थायरॉईडचं टीएसएच, एवढं लागतं सुरुवातीला, पाळीची गडबड असंल तर बाईडॉक्टर पुढचं सांगतील. आणि घरात तिच्या एकटीच्या ताटावर लक्ष ठेवायचं बंद करा. सगळ्यांच्याच ताटात ज्वारीची भाकरी, पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी जरा हात राखून. तिला वेगळं डाएट दिलं की ती परत पंगतीतून उठल्यासारखंच झालं.

जेवण टाळणं, लपून खाणं वाढलं, किंवा खाल्लेलं ओकून काढायली असं काही दिसलं तर मात्र थांबू नका, मानसोपचार तज्ज्ञाकडं जा. जीएमसीत, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजात, ओपीडी असते.

परभणीचा_भैय्या:

सगळ्यांचे आभार. सिस्टर, ते "घरच्यांचं जास्त लागतं" वाचून फोन बाजूला ठेवला होता तासभर.

काल तिला फोन केला. मी तयारी करून ठेवली होती काय बोलायचं, पण तिनं उचलल्यावर काहीच आठवलं नाही, नुसतं म्हणलो जिंतूरला मी चुकलो. ती बराच वेळ गप. मग म्हणली "भैय्या तुला माहितीय का रोडरोलर मला क्लासमधी पण म्हणतात, फक्त त्यांना मी उलटून बोलते". आणि क्लासची वेळ झाली म्हणून ठेवला. माफ केलं का नाही काय कळंना.

रविवारी गंगाखेडहून लातूरच्या एसटीनं जायलोय. मम्मी धपाटे देणार आहे, मी म्हणलं दे, शेंगाची चटणी पण दे. रक्ताचं लगेच काढत नाही, आधी नुसतं भेटतो. अक्का, पोरींना सकाळी फिरायला लातूरला बरी जागा कोणती, जिथं टवाळ पोरं नसतील?

गंजगोलाईची_अक्का:

नाना-नानी पार्क. साडेपाचला गेली तर सगळ्या आमच्यासारख्या बाया असतात, साडीवर बूट घालून फिरणाऱ्या, कुणी कुणाकडं बघत नाही. सातच्या नंतर नको, गर्दी होते. आणि पहिल्या दिवशी तुम्ही सोबत गेलात तर चार पावलं मागं चाला.

बीडचा_गडी:

अन् धपाट्यासोबत दही घेऊन जा भाऊ, एसटीत सांडू देऊ नको.