बंदुकीच्या हॅमर-ट्रिगरसाठी बारमधून मिलिंग, फोर्जिंग, कास्टिंग की मिम (मेटल इंजेक्शन मोल्डिंग)? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

रबाळे एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) आणि वायरकट (तारेच्या विद्युत ठिणगीने धातू कापणारं मशीन), कामं मुख्यतः पंप-व्हॉल्व्हची. एका परवानाधारक उत्पादकाने बारा बोअरच्या दुनळी बंदुकीच्या हॅमर, ट्रिगर आणि ट्रिगर गार्डसाठी कोटेशन मागितलं आहे. सुरुवातीला काहीशे नग, पुढे वाढतील म्हणतात. पद्धत कुठली वापरायची हे आमच्यावर सोडलं आहे आणि घोडं तिथेच अडलंय.

आधी कायद्याचं. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये 'शस्त्र' या व्याख्येतच सुटे भागही येतात आणि उत्पादनाला परवाना लागतो. त्यामुळे जॉबवर्क करणाऱ्या आमच्यासारख्यांनाही स्वतंत्र परवाना घ्यावा लागेल का, हे वकिलांकडून लेखी मिळाल्याशिवाय मी मशीनवर चिप (धातूचा कीस) पाडणार नाही. कुणी हे प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सांगा.

आता मुद्द्याचं. बारमधून मिलिंग आमच्या हातातलं. डायचा (साच्याचा) खर्च नाही, ड्रॉइंग बदललं तरी प्रोग्राम बदलला की झालं. पण हॅमरच्या आकारात निम्म्याहून जास्त माल चिपमध्ये जातो आणि सायकल टाइम खातो. फोर्जिंगमध्ये धातूचे तंतू आकाराबरोबर वळतात, म्हणून आघात सोसणाऱ्या भागाला ते उत्तम. मात्र डायचा खर्च काहीशे नगांवर वसूल होत नाही, आणि शेवटी मिलिंग करावंच लागतं.

इन्व्हेस्टमेंट कास्टिंगला (मेणाच्या नमुन्याभोवती साचा करून धातू ओतणे) बरेच जण नाक मुरडतात. मला ते पटत नाही. अमेरिकेतल्या रुगर या बंदुका बनवणाऱ्या कंपनीने १९६३ मध्ये त्यासाठी स्वतःची फाउंड्री काढली आणि त्यावरच धंदा उभा केला. खरी गोम फाउंड्रीच्या शिस्तीत आहे. माझ्या टेबलावर एका पंपाचा तुटलेला कास्ट लिव्हर पडलाय. तुटलेल्या तोंडावर भिंग धरलं की मधोमध मोहरीएवढं ब्लो होल (ओतताना अडकलेल्या वायूची पोकळी) दिसतं, आतून गुळगुळीत, आणि तडा तिथूनच निघालाय. वरून जॉब अगदी देखणा होता! हॅमरमध्ये असं काही राहून गेलं तर धोका बंदूक हातात धरणाऱ्याला. म्हणून ट्रिगर गार्ड कास्टिंगने करायला माझी हरकत नाही, हॅमरला मात्र एक्स-रे तपासणीशिवाय नाही.

राहिलं मिम. बारीक पावडर आणि बाइंडर मोल्ड करून सिंटर केलं (भट्टीत न वितळवता कण जोडले) की भाग साधारण १५ ते २० टक्के आक्रसतो, तेवढा मोल्ड मोठा ठेवावा लागतो. किचकट आकार जवळजवळ तयार मिळतो, पण मोल्ड महाग, म्हणून हजारोंच्या संख्येतच परवडतं. बंगळूरला हे काम मोठ्या प्रमाणावर होतं.

माझा कल असा: हॅमर आणि ट्रिगर ईएन २४ (मिश्र पोलाद) च्या बारमधून, हीट ट्रीटमेंटनंतर सिअर (हॅमर अडवून धरणारी खिट्टी) बसते तो खाचा ग्राइंड करून, गार्ड कास्टिंगमधून. नग वाढले की ट्रिगर मिमकडे. जाणकारांनी यात काय खटकतं ते मोकळेपणाने सांगावं. विशेषतः हीट ट्रीटमेंटमध्ये हॅमर वाकला तरी ग्राइंड करून मापात आणता यावा म्हणून किती स्टॉक (जादा माल) ठेवता? वागळे इस्टेट किंवा तुर्भ्याकडे छोट्या लॉटचं कास्टिंग एक्स-रेसकट करून देणारं कुणी खात्रीचं असेल तर तेही कळवा.